गिटार ॲम्पचा स्पीकर बदलायचाय? आधी ओहमचा आकडा पाहा

गिटार ॲम्पमधला स्पीकर जळाला किंवा त्याचा कोन फाटला, की बहुतेक जण माप बघून दुसरा आणतात. 12 इंचीच्या जागी 12 इंची. तो खोक्यात नीट बसतो, आवाजही येतो. पण खोक्यात बसला म्हणजे ॲम्पला चालला असं नाही. जोडी चुकली, तर कधी नवा स्पीकर जळतो, कधी त्याहून महाग असा ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर.

स्पीकरच्या मागे दोन आकडे छापलेले असतात. स्पीकर किती शक्ती सोसतो ते वॉटमध्ये, आणि विजेच्या प्रवाहाला किती अडवतो ते ओहममध्ये. या अडवण्याला इम्पिडन्स म्हणतात. गिऱ्हाईक वॉट विचारतं. ओहम विचारायचं राहून जातं.

ओहम चुकल्यावर काय बिघडेल, हे ॲम्पच्या जातीवर ठरतं. ट्रान्झिस्टर ॲम्पला फार कमी ओहमचा स्पीकर जोडला, तर प्रवाह वाढतो आणि आतले ट्रान्झिस्टर तापून जळू शकतात. जास्त ओहमचा जोडला, तर आवाज थोडा कमी होतो, एवढंच. म्हणूनच अशा ॲम्पवर बऱ्याचदा 'किमान 4 ओहम' असं लिहिलेलं असतं.

ट्यूब ॲम्पमध्ये ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची वेटोळी ठरावीक ओहम धरून गुंडाळलेली असतात, त्यामुळे तोच आकडा जुळायला हवा. ओहम फार जास्त झाले, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेजचे उंच झटके उठतात आणि वेटोळ्यांचं इन्सुलेशन फुटू शकतं. स्पीकर न जोडताच ट्यूब ॲम्प वाजवणं हा याचाच टोकाचा प्रकार. 'जरा सुरू करून बघू' म्हणूनही तो तसा वाजवू नये.

फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा 85 वॉटचा ट्यूब ॲम्प. त्यात 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडलेले असतात. सारख्या ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की एकूण ओहम निम्मे होतात. ॲम्पला हवे असतात तेही 4च. आता यात सेलेशनचे दोन ग्रीनबॅक बसवले, तर ओहम जुळतील, पण प्रत्येकाची क्षमता 25 वॉट. दोन्ही मिळून 50. ॲम्प मोठ्याने वाजवला, की ते जळण्याचीच शक्यता जास्त. त्याच कंपनीच्या व्हिंटेज 30 या स्पीकरचं नाव फसवं आहे; त्याची क्षमता 60 वॉट आहे. दोन मिळून 120, म्हणजे पुरेशी. मात्र तो 16 ओहममध्येही मिळतो. तसे दोन आणले, तर एकूण 8 ओहम होतात, हव्या त्याच्या दुप्पट. जुना 8 ओहमचा एक ठेवून शेजारी 16चा एक लावला, तर गणित आणखी बिघडतं. एकूण ओहम साधारण 5.3 होतात आणि दोन-तृतीयांश शक्ती एकट्या जुन्या स्पीकरवर येते.

वॉटच्या बाबतीत हात सैल ठेवावा. ॲम्पवर लिहिलेले वॉट स्वच्छ आवाजाचे असतात; आवाज फाटेपर्यंत वाढवला, की शक्ती त्याहून जास्त निघते. ॲम्पच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा स्पीकर घेतलेला बरा.

स्पीकरवरचं लेबल पुसलं असेल, तर तो ॲम्पपासून सोडवून मल्टिमीटर लावावा. मीटरवर नेमका आकडा दिसत नाही, थोडा कमी दिसतो. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो.

स्पीकर बदलायला बहुधा ॲम्पची चासी उघडावी लागत नाही, आणि ट्यूब ॲम्पची तर उगाच उघडूही नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट टिकून राहू शकतात. स्वतंत्र कॅबिनेट असेल, तर ते गिटारच्या केबलने जोडू नये. तिची तार बारीक असते. त्यासाठी स्पीकरची वेगळी केबल मिळते.

दोन स्पीकर असतील, तर धन-ऋण टोकंही जुळायला हवीत. बॅटरीची साधी पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावली, की कोन पुढे किंवा मागे हलतो. एक पुढे आणि दुसरा मागे गेला, तर ॲम्पला काही इजा होत नाही, पण खर्जाचा आवाज पोकळ येतो. एका स्पीकरच्या तारा उलट केल्या, की तो भरतो.