बळीचा बकरा : अर्थ आणि उपयोग

इतरांच्या अपराधाची शिक्षा ज्या व्यक्तीला भोगावी लागते, तिला ‘बळीचा बकरा’ म्हणतात. इंग्रजीत याच अर्थाने ‘स्केपगोट’ हा शब्द रूढ आहे.

इंग्रजी शब्दाचे मूळ बायबलच्या जुन्या करारात आढळते. प्राचीन ज्यू समाजात वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस पाळला जाई. त्या दिवशी दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकल्या जात. एक बकरा ईश्वराला अर्पण होई. दुसऱ्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून मुख्य याजक सर्व लोकांच्या पापांचा उच्चार करी. मग त्या बकऱ्याला अरण्यात सोडून देत. विल्यम टिंडेल यांनी १५३० मधील आपल्या इंग्रजी अनुवादात या दुसऱ्या बकऱ्यासाठी हा शब्द योजला. मुळात हा बकरा मारला जात नसे, तर इतरांची पापे वाहून नेई. मराठी शब्दप्रयोगात मात्र तो बळी जातो.

इतिहासातील एक उदाहरण बोलके आहे. जर्मनीला लष्करी गुपिते पुरवल्याच्या आरोपावरून १८९४ मध्ये फ्रान्सचे ज्यू सैनिकी अधिकारी आल्फ्रेड ड्रेफस यांना जन्मठेप झाली. खरा हेर एस्टरहाझी नावाचा दुसराच अधिकारी होता. तसा पुरावा हाती येऊनही सेनाधिकाऱ्यांनी तो दडपला, कारण चूक मान्य केल्यास सैन्याची अप्रतिष्ठा झाली असती. ड्रेफस निर्दोष ठरले ते १९०६ मध्ये.

हा शब्दप्रयोग ‘करणे’, ‘होणे’, ‘ठरणे’ या क्रियापदांबरोबर येतो. उदाहरणार्थ, ‘पूल कोसळला, ठेकेदार मोकळा राहिला आणि पहारेकरी बळीचा बकरा ठरला.’ ‘खापर फोडणे’ या वाक्प्रचारात दोष देण्याच्या क्रियेवर भर असतो, तर येथे दोष सोसणाऱ्यावर. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी देणे’ ही म्हणही हाच अन्याय सांगते.

अपराध्यालाच शिक्षा झाली, तर तो बळीचा बकरा नव्हे. मात्र थोडा दोष असणाऱ्याच्या माथी सगळा दोष मारला, तर हा प्रयोग योग्य ठरतो.

त्याग आणि हा बळी यांत मोठे अंतर आहे. त्याग माणूस स्वेच्छेने करतो. बळीच्या बकऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून हा शब्द ऐकताच बळी कोण गेला, एवढेच पाहून भागत नाही. त्याच्याआड कोण सुटले, हेही पाहावे लागते.