लग्नाचा दाखला कायदा मागत नाही

मावळ तालुक्यातल्या तळेगाव, आंबी, कुसगाव, लोणावळा या पट्ट्यात महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्याभोवती वसतिगृहं, पीजी, भाड्याच्या खोल्या. लातूर-बीड-जळगावकडून आलेली मुलंमुली इथे तीन-चार वर्षं राहतात. त्यातली काही प्रेमात पडतात आणि मग दोन तास निवांत एकत्र घालवायला जागा कुठली, हा प्रश्न त्यांना छळतो. वसतिगृहात प्रवेश नाही, पीजीत मालक वरच्याच मजल्यावर, आणि लॉजवर गेलं तर पोलीस धरतील ही भीती. ही भीती बहुतांशी चुकीच्या माहितीवर पोसलेली आहे. या मुलांना खरा धोका आहे तो त्या चुकीच्या माहितीपासूनच, असं माझं मत आहे.

सर्वांत घट्ट रुजलेला समज असा, की लग्न न झालेल्या जोडप्याने लॉजवर खोली घेणं बेकायदा आहे. असा कायदाच भारतात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरमधल्या एका लॉजसारख्या जागेला ठोकलेलं सील काढायला लावताना हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्यावरचे खटले रद्द करतानाच म्हटलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मुलगा एकवीस वर्षांचा नाही, म्हणजे त्याला एकत्र राहण्याचाही हक्क नाही, हा युक्तिवादही २०१८ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. एकवीसची अट लग्नासाठी आहे. सज्ञान होण्यासाठी अठरा पुरतात.

मग काउंटरवरून परत का पाठवतात? ते मालकाचं धोरण असतं. दोघांचंही ओळखपत्र घेऊन नोंद करणं रास्त आहे, पण ‘लोकल आयडी चालणार नाही’ ही अट कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. त्यामुळे आधारवर लातूरचा पत्ता असलेल्या विद्यार्थ्याला खोली मिळते आणि वडगाव मावळचा पत्ता असलेल्याला मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ओयो या हॉटेल कंपनीने मेरठपासून अविवाहित जोडप्यांबाबत नियम कडक केले, तोही व्यवसायाचा निर्णय होता. खासगी मालकाला नकार देता येतो, मात्र त्या नकाराला कायद्याचं नाव देणं खोटं आहे.

यावर मुंबईतल्या मढ-आक्साचं उदाहरण हमखास पुढे येतं. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी तिथल्या हॉटेलांवर छापे घालून जोडप्यांना पोलीस ठाण्यात नेलं, काहींच्या घरी फोन केले, दंड वसूल केला. पण ज्या कलमाखाली हे झालं, ते महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११० रस्त्यावरच्या आणि सार्वजनिक जागेतल्या असभ्य वर्तनाचं आहे. कडी लावलेली खोली त्यात कशी बसते? म्हणूनच टीकेची झोड उठली आणि पोलीस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. पोलीस लॉजची नोंदवही तपासू शकतात, वेश्याव्यवसायाचा किंवा त्यात अल्पवयीन मुलगी असल्याचा संशय असेल तर अनैतिक व्यापार प्रतिबंधक (पिटा) कायद्याखाली छापाही घालू शकतात. अशा वेळी वाद न घालता वयाचा पुरावा दाखवावा.

उघड्यावर मात्र चित्र पालटतं. टायगर पॉइंटला किंवा लोहगडाच्या वाटेवर इतरांना त्रास होईल असं अश्लील वर्तन केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हात धरून बसणं त्यात येत नाही. मावळातल्या गावकऱ्यांची तक्रार खरी आहे. त्यांच्या रानात, देवळामागे रोज परक्यांचा वावर त्यांनी का सोसावा? पण त्यावरचा उपाय मुलांना आणखी आडरानात हाकलणं हा नव्हे. एप्रिल २०१७ मध्ये लोणावळ्यात शिकणारे एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी भुशी परिसरातल्या डोंगरावर मारले गेले. दोष मारणाऱ्यांचा, त्या दोघांचा तिळमात्र नाही. तरीही निर्जन जागा किती जीवघेणी ठरू शकते, हे या तालुक्याने पाहिलं आहे. नोंदवहीत नाव असलेली, खाली माणूस बसलेली खोली त्याहून कितीतरी सुरक्षित.

वसतिगृहाचं काय, असं पालक विचारतील. सामायिक खोलीत रूममेटचाही हक्क असतो. त्याला किंवा तिला बाहेर पिटाळून एकांत मिळवणं अन्यायाचं आहे. म्हणून पाहुण्यांवर बंदी समजू शकते. नियम मोडल्यास वसतिगृह शिस्तभंगाची कारवाई करील, पण तो नियम फौजदारी कायदा होत नाही. मुलींना सातला आत आणि मुलांना दहाला, हे मात्र समर्थनीय नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी विनियमांनी, सुरक्षेचं कारण सांगून मुलींवर मुलांहून वेगळे नियम लादू नयेत, असं स्पष्ट म्हटलं आहे.

एका बाबतीत भीती अगदी योग्य आहे, आणि नेमकी तीच पुरेशी बाळगली जात नाही. दहावीनंतर डिप्लोमाला आलेली मुलं-मुली सोळा-सतराची असतात. अठराच्या आत संमतीला कायद्यात अर्थ नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, मग प्रेम कितीही खरं असो. इथे ‘आमची मर्जी’ हे उत्तर चालत नाही, आणि अठरानंतरही दोघांपैकी एकाची मर्जी पुरत नाही.

अठरा पूर्ण झालेल्यांनी मात्र आणखी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. खोलीत छुपा कॅमेरा लावून स्त्रीचं चित्रीकरण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्यात किमान एक वर्ष कैद आहे. आणि ‘घरी सांगू’ अशी धमकी देऊन कोणी पैसे मागितले, तो गणवेशात असो वा साध्या वेशात, तर ती खंडणी आहे; कलम ३०८ नुसार सात वर्षांपर्यंतची शिक्षा त्याला होऊ शकते, तुम्हाला नाही. पैसे देऊ नका, ११२ ला फोन लावा.