साडी-गार्ड काढा, पिकअप वाढवा!

मित्रांनो, यामाहा आरएक्स-१०० परवडत नाही म्हणून रडू नका. १९९६ मध्ये बंद झालेली ही गाडी आज सोन्याच्या भावाने विकली जाते. नाशिकला डर्ट ट्रॅकच्या शर्यती नव्या नाहीत. तिथे उतरायचं म्हणून आम्ही हॉस्टेलच्या चौघांनी कॉन्ट्री काढून जुनी स्प्लेंडर घेतली.

पहिली चूक, इंजिनाला हात घातला. मूळ बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५, म्हणजे ९७.२ सीसी. सातपूरला बोअर ५२ करून घेतला, १०५ सीसी झाले. वाढ जेमतेम ८ टक्के, आणि पिस्टन, रिंग, मजुरीत बजेट साफ! टायर जुनेच राहिले. पहिल्याच प्रॅक्टिसला आमचा रायडर घसरला आणि कॉलरबोन मोडून घरी बसला.

मग डोकं चालवलं. गाडी सुमारे ११० किलो, रायडर ६०, एकूण १७०. साडी-गार्ड, लेग-गार्ड, मेन स्टँड, हेडलाइट वगैरे काढलं तर १४ किलो निघालं. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने पिकअप ९ टक्के जास्त, खर्च शून्य! मागचं स्प्रॉकेट ४२ दातांचं असेल तर ४५ चं घाला, आणखी ७ टक्के. टॉप स्पीड थोडा जातो, पण वळणांच्या ट्रॅकवर तो लागतो कुणाला?

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी हेल्मेट, मग टायर-ब्रेक, मग वजन, मग स्प्रॉकेट. इंजिन सगळ्यात शेवटी.

आणि हो, अशी गाडी कॉलेज रोडवर काढायची नाही. ट्रॅकपर्यंत टेम्पोनेच न्यायची!