इंधनाची पारख करणारें यंत्र

उंसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो, हें आपल्या इकडील मुलांस सांगावयास नको. कोल्हापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांतील साखर-कारखान्यावरून जो एकदां गेला असेल, त्याच्या नाकासच तें ठाऊक असतें. अमेरिकेंत तोच मद्यार्क मुख्यतः मक्यापासून काढितात. त्याचें शास्त्रीय नांव इथेनॉल. तो पेट्रोलमध्यें मिसळून मोटारी चालवितात, हेंहि आतां सर्वश्रुत आहे. परंतु एकाच टांकींत आज पेट्रोल आणि उद्यां बहुतांशीं मद्यार्क भरला, तर एंजिनास तें कळावें कसें? शर्यतीच्या तोलाच्या वेगवान् गाड्यांत हा प्रश्न फार नाजूक होतो. तो ज्या लहानशा यंत्रानें सुटतो, त्यास फ्लेक्स फ्युएल सेन्सर असें म्हणतात.

प्रथम या दोन द्रवांतील भेद पाहूं. मद्यार्काच्या रेणूंत प्राणवायु असतो; वजनानें तो शेंकडा सुमारें ३५ भरतो. पेट्रोल म्हणजे बहुतेक सर्व कार्बन व हायड्रोजन. म्हणून एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते, तर मद्यार्कास ९ किलोच पुरते. याचा अर्थ असा कीं, सिलिंडरांत हवा तेवढीच असली तरी मद्यार्क मात्र पुष्कळ अधिक सोडावा लागतो. मग हा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. कारण असें कीं, मद्यार्काची वाफ होतांना तो पेट्रोलच्या सुमारें अडीचपट उष्णता शोषून घेतो, आंत जाणारी हवा थंड करितो, आणि दाबाखालीं सहजासहजीं आपोआप पेटत नाहीं. जेथें हवा ठासून भरलेली असते त्या एंजिनांत हा गुण सोन्याच्या मोलाचा आहे. स्वीडनमधील कोनिग्सेग कारखान्यानें २००७ सालीं पुढें आणलेल्या सीसीएक्सआर गाडीचें एंजिन पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ति देई, आणि 'ई ८५' नांवाच्या मद्यार्कमिश्रणावर १,०१८ !

या 'ई ८५' नांवावर मात्र विसंबूं नये. त्यांत शेंकडा ८५ मद्यार्क असेल असें वाटतें. पण अमेरिकेंतील पंपांवर हें प्रमाण ऋतु व प्रदेश पाहून ५१ पासून ८३ पर्यंत कोठेंहि असतें. थंडींत एंजिन सुरू व्हावें म्हणून पेट्रोलचा अंश वाढवितात. आतां ८३ च्या हिशेबानें ठिणगीची वेळ आगाऊ लाविली आणि टांकींत ५५ चेंच मिश्रण असलें, तर वायु ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहतां आपोआप भडकतो, पिस्टनवर हातोडीसारखे ठोके बसतात, आणि क्षणार्धांत हजारों रुपयांचें एंजिन निकामी होतें.

ब्राझिलांत २००३ सालीं फोक्सवॅगनची गोल ही गाडी दोन्ही इंधनांवर चालूं लागली, तेव्हां तींत असा स्वतंत्र सेन्सर नव्हता. धुरांतील प्राणवायु मोजून संगणक अनुमान करी. साध्या गाडीस तें पुरेसें आहे. पण जळून गेल्यावर आलेलें ज्ञान जोरकस एंजिनास उशिराचें ठरतें, असें माझें मत आहे.

सेन्सरची युक्ति मोठी सोपी आहे. त्याच्या पोटांत धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांपासून थोडे दूर ठेविलेले असतात, आणि त्यांच्यामधून इंधन वाहतें. अशी जोडी किती वीज सांठवील हें मधल्या द्रवावर अवलंबून असतें. या बाबतींत पेट्रोलचा अंक सुमारें २, तर मद्यार्काचा २५ च्या आसपास. तेव्हां ओळख पटण्यास अडचण ती कोणती? सेन्सर हें माप विजेच्या स्पंदांनीं कळवितो. सेकंदास ५० स्पंद म्हणजे मद्यार्क मुळींच नाहीं, १५० म्हणजे निव्वळ मद्यार्क. १०० आले तर अर्धेंअर्धें. स्पंदाच्या रुंदीवरून इंधनाचें तपमानहि कळतें.

बसविण्याचें काम मात्र जपून करावें लागतें, कारण इंधनाची नळी उघडावयाची असते. एंजिन पूर्ण थंड असावें. पंपाचा फ्यूज काढून, एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून नळींतील दाब उतरवितात. मग बॅटरीची ऋण तार सोडतात. आग विझविण्याचें साधन हाताशीं हवेंच, कारण मद्यार्काची ज्योत दिवसाच्या उजेडांत नीट दिसत नाहीं. सेन्सर शक्य तर टांकीकडे परतणाऱ्या नळींत घालावा; तेथें दाब कमी असतो, व सेन्सरचें अरुंद भोंक एंजिनाच्या पुरवठ्यास आड येत नाहीं. नळ्या मद्यार्कानें न कुजणाऱ्या असाव्या, आणि टर्बोच्या धगीपासून दूर. तारा तीनच : एक १२ व्होल्टची, किल्ली फिरविल्यावर चालू होणारी, दुसरी जमिनीची, तिसरी संगणकास निरोप नेणारी. या तिसरीस बहुधा एक रोधक जोडून वरचा दाब द्यावा लागतो, नाहींतर स्पंद उमटतच नाहींत. कांहीं संगणकांत तो आधींच असतो, तेव्हां पाहून घ्यावें.

एवढ्यानें गाडी वेगवान् होते, असा पुष्कळांचा ग्रह असतो. तो खोटा आहे. सेन्सर हा केवळ डोळा आहे. 'ई ८५' साठीं सुमारें तिसऱ्या हिश्शानें अधिक इंधन पोंचविणारा पंप व फवारे लागतात, आणि प्रत्येक प्रमाणास इंधन किती व ठिणगी केव्हां, याचे तक्ते संगणकांत भरावे लागतात. तार तुटल्यास काय करावयाचें, हेंहि त्यांतच लिहून ठेवणें अगत्याचें : इंधन शेवटच्या मापाप्रमाणें सोडावें, पण ठिणगी व हवेचा दाब पेट्रोलच्या बेतानें उतरवावा. या कलमाकडे हौशी लोक हमखास दुर्लक्ष करितात.

शेवटीं किल्ली फिरवून, एंजिन सुरू न करितां, पंपाचा दाब चढूं द्यावा व प्रत्येक सांध्यावर कोरडें फडकें फिरवून गळती नाहीं ना तें पाहावें. अमेरिकेंतील साध्या पेट्रोलमध्यें मद्यार्क बहुधा शेंकडा १० पर्यंत असतो. एंजिन थोडें चालल्यावर माप त्याच्या जवळपास आलें, तर जोडणी बरोबर समजावी. त्यानंतरच 'ई ८५' भरावें. जुनें इंधन नळींतून निघून जाईपर्यंत आंकडा हळूहळू चढत राहतो, आणि तो स्थिर होईपर्यंत गाडीस जोरानें हांकूं नये.