आधी गोष्ट, मग पुरावा

इंदिरानगरात जुने असे काही नाही. आमच्या सोसायटीतली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे वॉचमनची खुर्ची. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी लागली म्हणून धुळ्याहून, जळगावहून, मालेगावहून आलेल्या माणसांनी ही वस्ती भरली. तीस-तीस वर्षे इथे काढली, तरी बाजाराला निघालो की आम्ही ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो. म्हणजे नाशिक तिकडे, नदीकाठी. आम्ही हायवेच्या कडेला, बोगद्याच्या ट्रॅफिकमध्ये.

सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या घोळक्यात वरच्या मजल्यावरच्या काकू नुकत्याच युरोप करून आल्या होत्या. प्रागमध्ये त्यांनी पायी शहर पाहिले. रंगीत छत्री उंच धरलेला एक तरुण पुढे आणि पंचवीस माणसे मागे. ‘फुकट’ म्हणून जाहिरात आणि शेवटी ज्याने त्याने मनाला येईल ते त्याच्या हातावर ठेवायचे.

“म्हणजे दक्षिणाच की,” आमच्यातले सर म्हणाले. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. “हा धंदा आपल्या रामकुंडावर केव्हापासून चालतो. छत्रीसुद्धा असते, फक्त जमिनीत रोवलेली.”

काकूंनी तिथल्या तिथे त्यांना पकडले. “मग दाखवा आम्हाला नाशिक.” सरांनी एकच अट घातली. प्रत्येक ठिकाणी आधी गोष्ट ऐकायची, मग पुरावा पाहायचा, आणि दोन्हींची भेसळ करायची नाही.

डोंगरातली मुदत ठेव

पहिला रविवार पांडवलेण्यांचा. ती आमच्यापासून जवळ. कुठल्याही गच्चीवरून दिसणारा तो डोंगर म्हणजे त्रिरश्मी. शिलालेखांतल्या प्राकृतात ‘तिरण्हु’. पायथ्याला फाळके स्मारक आणि वर चोवीस लेणी. गोष्ट अशी की पांडवांनी वनवासात ती एका रात्रीत कोरली. पुरावा असा की ही बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत आणि त्यांचे काम शतकानुशतके चालले. एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या कण्ह राजाचा उल्लेख आहे. त्याच्या काळात नाशिकच्या महामात्राने हे लेणे करवले, असे तो लेख सांगतो. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दगडावर मात्र ‘नासिक’ हे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच गावाचे नाव म्हणून आले आहे. पतंजलीच्या महाभाष्यातही ‘नासिक्य’ येते.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी या आजीने लेणे दान केले आणि मुलाचे पराक्रम भिंतीवर लिहवून घेतले. गौतमीपुत्राने नहपानाच्या क्षहरात वंशाचा नायनाट केला, हे त्यात ठणकावून सांगितले आहे. सर आम्हाला तिथून दहाव्या लेण्यात घेऊन गेले. ते लेणे कोरवणारा उषवदात हा त्याच नहपानाचा जावई. ज्यांचा नायनाट केला त्यांच्या दानाचे लेख मात्र शाबूत आहेत.

या दहाव्या लेण्यात आमचे बँकवाले काका रमले. वर्ष ४२ च्या लेखात उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याचे लिहिले आहे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

काकांनी बोटांवर हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा. दोनशे चाळीस. “पैशाला पैसा जुळला!” ते ओरडले आणि लेणे घुमले. ठेवीची नोंद निगमसभेतही केली होती, हे सरांनी सांगितले तेव्हा काकांनी त्या भिंतीला जवळजवळ नमस्कारच केला. ज्या गोवर्धनातल्या कोष्ट्यांनी हे पैसे सांभाळले, ते गाव नाशिकच्या पश्चिमेला आजही त्याच नावाने आहे.

पायाखालची रहाड

दुसऱ्या रविवारी गावात गेलो. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ अशी जुनी म्हण आहे. ती वाचून कळत नाही, चालून कळते. पोटऱ्याच सांगतात की आता म्हसरूळ टेक चढतो आहोत, आता चित्रघंटा उतरतो आहोत. नदीकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्याही आधीच्या वस्तीच्या खुणा हाती लागल्या. मोगलांनी या गावाला गुलशनाबाद म्हटले. पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले. नावे बदलली, टेके तीच राहिली.

तिवंधा चौकात सरांनी सगळ्यांना गोल उभे केले. “पाय जरा बाजूला घ्या. आपण रहाडीवर उभे आहोत.” खाली पाहिले तर साधा रस्ता. पण त्याखाली दगडी बांधणीचा चौकोनी हौद आहे. माणूस बुडेल इतका खोल. वर्षभर तो फळ्या आणि माती घालून झाकलेला असतो आणि त्यावरून रिक्षा जातात. रंगपंचमीच्या आधी तो उकरून धुतात, पूजा करतात आणि रंगाचे पाणी भरतात. मग वरून उडी. तिला ‘धप्पा’ म्हणायचे. पाण्यातला रंग उसळून भोवतीच्या शंभर जणांना भिजवतो. तिवंधा, जुनी तांबट लेन, दंडे हनुमान, पंचवटीतला शनि चौक, अशा ठिकठिकाणी रहाडी आहेत. पेशवाईपासून त्या चालत आल्याचे सांगतात. रहाडीत बुडून निघाले की उन्हाळा बाधत नाही, ही गोष्ट. ती तपासायची इच्छा आमच्यातल्या कोणालाच झाली नाही.

तांबट आळीतला मठारकामाचा आवाज आता पूर्वीसारखा अखंड नाही. तरी एका दुकानात म्हातारे कारागीर घंगाळ मठारत होते. हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून पडत होता आणि तांब्यावर खवल्यांची ओळ पुढे सरकत होती. मठारल्याने पत्रा कडक होतो, ते म्हणाले. नक्षी दिसते ती नंतरची गोष्ट.

विजयानंद थिएटरपाशी सर थोडा वेळ गप्प राहिले. २१ डिसेंबर १९०९ ला इथे ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, हेही सरांनी त्याच दमात सांगितले. “दोन्ही खरे आहे,” म्हणाले, “आणि एकाने दुसरे खोडले जात नाही.”

घंटा कोणाची?

नदीपात्रात दुतोंड्या मारुती. पाटबंधारे खाते गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगते, नाशिककर मात्र ‘मारुती कुठपर्यंत?’ एवढेच विचारतो. गुडघे, कंबर, छाती, गळा हेच आमचे मोजमाप. १९६९ आणि २००८ चे पूर पाहिलेली माणसे अजूनही ते पाणी हाताने दाखवतात. पूर आला की दुसरी चौकशी नारोशंकराच्या घंटेची. पाणी तिच्यापर्यंत पोचले का?

नारोशंकर राजेबहादूर यांनी हे रामेश्वराचे मंदिर १७४७ साली बांधले. घंटा वसईची, असे काकूंनी आधीच जाहीर केले. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधून आली. सरांनी ऐकून घेतले आणि मग घंटेवरचे साल सांगितले. १७२१. “मंदिराहून घंटा सव्वीस वर्षांनी जुनी. म्हणजे ती दुसरीकडून आली, हा पुरावा. वसईहून आली, ही गोष्ट. चांगली गोष्ट आहे, जुळतेही. पण तिला पुराव्याच्या खुर्चीत बसवू नका.”

काकूंना ते रुचले नाही. प्रागच्या मुलाने असे फाटे फोडले नव्हते.

वाटाड्यांचा हा वाद जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, म्हणजे गौतमी बलश्रीचा लेख कोरला गेला त्याच सुमारास, पॉसेनियस नावाचा ग्रीक प्रवासी देवळे पाहत हिंडत होता. अर्गोसच्या वाटाड्यांबद्दल त्याने लिहून ठेवले आहे की आपण सांगतो ते सगळे खरे नाही हे त्यांना ठाऊक असते, पण लोकांची समजूत बदलणे सोपे नसल्याने ते तेच सांगत राहतात. त्याच्या थोडा आधीचा प्लुटार्क डेल्फीच्या वाटाड्यांवर वैतागला आहे. आवरते घ्या म्हटले तरी ते पाठ केलेले सगळे म्हणून दाखवतातच. बाराव्या शतकात रोमच्या यात्रेकरूंसाठी ‘मिराबिलिया’ नावाचे लॅटिन पुस्तक निघाले, त्यातही रोमच्या अवशेषांना अद्भुत कथा चिकटवल्या आहेत.

आणि मराठीत? चौदाव्या शतकातली महानुभावांची ‘स्थानपोथी’ आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ती नोंद. गावाच्या कोणत्या दिशेला, दार कुठल्या बाजूचे, मधे काय लागते. हातात पोथी आणि पायाखाली जागा असल्याशिवाय असे गद्य लिहिता येत नाही. श्रद्धेसाठी लिहिलेले, पण मोजूनमापून लिहिलेले.

बंद दरवाजा

काळाराम मंदिर १७८२ च्या सुमारास सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधले, रामशेजच्या काळ्या दगडात. इथे गोष्टींना तोटा नाही, आणि सरांनी त्या सगळ्या सांगू दिल्या. मग आम्हाला बाहेर आणून दरवाजासमोर उभे केले.

“पुरावा आतमध्ये नाही, हा दरवाजा पुरावा आहे.” २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चालत इथे आली. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही दरवाजांपुढे बसले. भाऊराव गायकवाडांनी हा लढा पुढची काही वर्षे नेटाने चालवला. १९३० च्याच रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. नाशिकमध्ये शेकडो वर्षे माणसे पायी फिरून देव पाहत आली. त्या फेरीत कोणाला घ्यायचे नाही हेही ठरलेले होते, आणि त्याची जागा ही. आमच्यातल्या एकाने चप्पल घालायला घेतली होती, तो तसाच उभा राहिला.

हल्ली मुक्काम

शेवट रामकुंडावर. ‘गंगेवर’ म्हणायचे, गोदावरी कोणी म्हणत नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामे सुरू, पोत्यांचे ढीग, मधून वाट काढत पाणी. १६९६ साली चित्रराव खटारकरांनी हे कुंड बांधल्याचे सांगतात. “तुम्हाला म्हटले होते ना, छत्री जमिनीत रोवलेली?” सर हसले.

आमच्या घोळक्यात धुळ्याकडचे एक भाऊ आहेत. अंबडला नोकरी केली, इंदिरानगरात घर बांधले. त्यांना सर म्हणाले, “तुमच्या घराण्याचे क्षेत्रोपाध्ये शोधू या.” पहिल्या गुरुजींनी आडनाव विचारले, मूळ गाव विचारले आणि दुसऱ्याकडे पाठवले. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. गावेच्या गावे वाटून घेतलेली असतात. तिसरे गुरुजी आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेली लांबट वही घेऊन आले. नामावळी. जुनी पाने मोडीत, नंतरची बाळबोधात. गुरुजींचे बोट तालुक्यावरून गावावर, गावावरून आडनावावर आले आणि थांबले.

शके १८६०. म्हणजे १९३८-३९. भाऊंचे आजोबा आईच्या अस्थी घेऊन आले होते. त्यांच्या वडिलांचे नाव, चुलत्यांची नावे, तीन मुलगे. धाकटा म्हणजे भाऊंचे वडील, ‘वय वर्षे ४’. खाली वाकडीतिकडी सही.

“सही?” भाऊ म्हणाले. “आमचे आजोबा अंगठेबहाद्दर होते. घरात सगळे तसेच सांगतात.”

सरांनी चष्मा वर करून पान पाहिले. सहीच्या शेजारी दोन शब्द होते, ‘दस्तुर खुद्द’. दुसऱ्याने लिहिले असते तर ‘हस्ते’ म्हणून त्याचे नाव आले असते. इथे स्वतःच्या हाताने, असे स्वतःच लिहिलेले. प्रत्येक अक्षर वेगळे, जोर देऊन काढलेले, मठारल्यासारखे.

सर एरवी इथे बोलले असते. आधी गोष्ट, मग पुरावा, वगैरे. ते काही बोलले नाहीत.

प्रागच्या मुलाने काकूंना प्रागचा इतिहास सांगितला. उत्तम सांगितला असणार. इथल्या वाटाड्याने आमच्यातल्या एकाला त्याचा स्वतःचा इतिहास वाचून दाखवला, आणि घरातली ऐंशी वर्षांची समजूत एका पानात मोडली.

गुरुजींनी पेन पुढे केले. “आता तुमची नोंद घाला.” भाऊंनी इंदिरानगराचे पान विचारले. तसे पान नसते. वही मूळ गावाचीच असते. आजोबांच्या सहीखाली थोडी जागा होती. भाऊंनी वडिलांचे नाव लिहिले, मृत्यूचे साल लिहिले, आपले, दोन मुलींचे, जावयाचे. त्याखाली बारीक अक्षरात ‘हल्ली मुक्काम इंदिरानगर, नाशिक’. पेन परत द्यायला हात पुढे केला, थांबले, आणि आणखी दोन शब्द लिहिले.

दस्तुर खुद्द.