आधी कपाट उघडा, मग पाकीट!

मोबाइलवर गाणी ऐकून कंटाळलात? या इन्क्रिमेंटला एक मस्त डिस्क प्लेअर घरी आणायचा विचार चाललाय? जरूर आणा. पण शोरूममध्ये शिरण्याआधी घरातलं सीडीचं कपाट उघडा.

कारण डिस्क दिसतात सारख्या, आतून मात्र वेगळ्या. साधी सीडी १९८२ ची, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झवाली. सोनी-फिलिप्सची एसएसीडी १९९९ मध्ये आली आणि वर्षभरात डीव्हीडी-ऑडिओ. दोघींच्या भांडणात सीडी मात्र टिकली! एसएसीडी अजून निघतात, त्याही मुख्यतः जॅझ आणि वेस्टर्न क्लासिकलच्या.

माझ्या कपाटात किशोरीताई, भीमसेनजी, सगळे साध्या सीडीवर. कॉलेजात मित्रांनी राइट करून दिलेल्या एमपी-थ्री सीडी वेगळ्याच, एकेकीत दीडशे गाणी कोंबलेली. एसएसीडी मोजून चार. त्यातही हायब्रिड एसएसीडीत सीडीचा वेगळा थर असतो, म्हणजे ती साध्या प्लेअरवरही वाजते. मग चार डिस्कसाठी महागडा युनिव्हर्सल प्लेअर कशाला?

‘पण क्वालिटी?’ असं सेल्समन म्हणेलच. अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी हेच तपासलं. हाय-रेझोल्यूशन डिस्कचा आवाज थेट ऐकवायचा आणि तोच सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवायचा. २००७ मध्ये निकाल छापून आला: ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच! तरी अनेक एसएसीडी खरंच गोड वाजतात, कारण त्यांचं मास्टरिंग जीव ओतून केलेलं असतं. हे श्रेय रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या माणसाचं, प्लेअरचं नव्हे.

एसएसीडी भरपूर असतील, तर मात्र प्लेअरची मागची बाजू नीट बघा. ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शिअल वायरीतून एसएसीडीचा मूळ डिजिटल सिग्नल बाहेर पडत नाही; अ‍ॅनलॉग आउटपुट हवं, नाहीतर एचडीएमआय आणि तो सिग्नल समजणारा रिसीव्हर. काही ब्लू-रे प्लेअर एसएसीडी वाजवतात, पण त्यांना अ‍ॅनलॉग आउटपुटच नसतं. घरी जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर बसा हात चोळत! सेकंडहँड ओप्पोचा मोह होईल, पण कंपनीने २०१८ मध्येच नवे प्लेअर आणणं थांबवलं. लेसर गेला की सुट्या भागांसाठी वणवण.

दुकानात जाताना स्वतःच्या दोन डिस्क न्या. एक ओरखडे पडलेली एमपी-थ्री, वाचते का बघायला. दुसरी शास्त्रीय गायनाची. सुरुवातीला नुसता तानपुरा वाजत असताना ट्रेची घरघर ऐकू आली, तर पुढचं मॉडेल दाखवायला सांगा.