बुलेटचा दिवा मंद का झाला?

कुणाच्या पडवीत, गोठ्यात किंवा वाड्याच्या बोळात पोत्याखाली झाकून ठेवलेली जुनी मोटरसायकल तुम्ही पाहिली असेल. ती १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट असेल, किंवा १९६१ पासून म्हैसूरला बनलेली जावा, नाहीतर तिचीच धाकटी बहीण येझदी. या गाड्यांची इंजिने मोठी चिवट! पन्नास वर्षांनीही चार किका मारल्या की धडधडू लागतात. पण त्यांच्या पोटातील तारा मात्र म्हाताऱ्या होतात. रबराचे आवरण कडक होऊन तडकते, सांध्यांवर हिरवट थर चढतो, आणि मग एके रात्री उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर पुढचा दिवा पिवळा पडतो. समोर उभी असलेली ट्रॉली दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. ही काही गमतीची गोष्ट नव्हे.

अशा वेळी पुष्कळ लोक पहिल्यांदा नवी बॅटरी आणतात. दिवा पिवळाच राहतो. मग नवा बल्ब आणतात. तरी तोच प्रकार! खरा चोर दुसरीकडेच बसलेला असतो. तो कसा पकडायचा ते आपण पाहू.

घरातल्या बल्बकडे दोन तारा जातात: एक जायची, एक यायची. मोटरसायकलच्या दिव्याकडे मात्र बहुधा एकच तार जाते. मग वीज परत येते कुठून? गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि दिव्याचे दुसरे टोकही सांगाड्यालाच टेकते. मिस्त्री याला 'अर्थ' किंवा 'बॉडी' म्हणतात. कारखान्याची तार वाचते, पण त्याची किंमत पुढे मालकाला द्यावी लागते. सांगाड्यावर रंग असतो, रंगाखाली गंज असतो, आणि दोन्हींतून वीज धडपणे वाहत नाही.

आता थोडा हिशेब करू. एके काळी शाळामास्तर असलेल्या गेऑर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडलेला नियम तुम्हांला ठाऊक आहे: दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. जुन्या बुलेटला ६ व्होल्टची बॅटरी असे. हिशेब सोपा व्हावा म्हणून दिवा ३६ वॅटचा धरू. म्हणजे त्यातून ६ अँपिअर प्रवाह जाणार आणि त्याचा रोध १ ओहम असणार. आता वाटेत एका गंजलेल्या सांध्याने फक्त अर्धा ओहम रोध घातला, असे समजा. एकूण रोध दीड ओहम झाला, प्रवाह ४ अँपिअरवर आला. दिव्यात खर्च होणारी शक्ती किती? चार गुणिले चार गुणिले एक, म्हणजे १६ वॅट. छत्तीसचे सोळा! उरलेले ८ वॅट त्या सांध्यातच जळतात. म्हणूनच मुरलेले मिस्त्री दिवा पाच मिनिटे चालू ठेवून, नंतर बंद करून, सांधे बोटाने चाचपतात. जो गरम लागेल तोच गुन्हेगार.

हाच अर्धा ओहम १२ व्होल्टच्या गाडीत असता तर? करून पाहा. दिव्याला सुमारे २८ वॅट मिळतात. दाब दुप्पट झाला की त्याच दिव्याला निम्माच प्रवाह पुरतो, आणि खराब सांध्याचा त्रास खूपच कमी होतो. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांचे दिवे इतके बदनाम का झाले, त्याचे बरेचसे उत्तर यात आहे. (बल्बची तार थंड झाली की तिचा रोध कमी होतो, त्यामुळे खरे आकडे थोडे निराळे येतील, पण रोख तोच.)

येथे एक फसवी जागा आहे. बटण चालू, पण बल्ब काढून ठेवून त्या तारेला व्होल्टमीटर लावलात, तर तो चक्क ६ व्होल्ट दाखवील! तार दहा धाग्यांची असून नऊ तुटले असले तरीही. कारण व्होल्टमीटर स्वतः जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, आणि प्रवाह नसेल तर रोधावर दाब खर्चच होत नाही. अरुंद वाटेवरून एकटा माणूस आरामात जातो. गर्दी तेथून जाऊ लागली म्हणजे वाटेची अडचण कळते. म्हणून दिवा पेटता ठेवून मोजायचे. मीटरची एक सुई संशयित सांध्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे टेकवा. सांधा चांगला असेल तर काटा शून्याजवळ राहील. आपल्या उदाहरणात तो २ व्होल्ट दाखवील. मग पॉलिश पेपर घ्या, धातू चकाकेपर्यंत घासा आणि स्क्रू घट्ट आवळा.

दिवा अजिबातच लागत नसेल तर काम उलट सोपे. बॅटरी, फ्यूज, किल्ली, बटण, डिपर, दिवा अशी ती साखळी असते. एका टोकापासून शोधत बसू नका. मध्यावर, म्हणजे बटणापाशी, चाचणीचा छोटा बल्ब लावा. त्याची एक तार बटणाला, दुसरी सांगाड्याच्या स्वच्छ भागाला. पेटला तर दोष पुढे, नाही तर मागे. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन तुकडे करा. एक ते शंभरमधील मनात धरलेला आकडा सात प्रश्नांत ओळखायचा खेळ तुम्ही खेळला असाल, तीच ही युक्ती.

बुलेटच्या हेडलाइटवरच्या घुमटीत एक अँपिअरमापक बसवलेला असतो. इंजिन सुरू झाल्यावर त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण गाडी सुरू होत नसेल, तेव्हा तो वैद्याच्या नाडीपरीक्षेइतका उपयोगी पडतो. किल्ली फिरवा आणि किक पायाने हळूहळू दाबा. पॉइंट जुळले की कॉइलमध्ये प्रवाह जातो व काटा वजा बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की शून्यावर येतो. काटा हललाच नाही, तर पॉइंट मळले आहेत किंवा तार तुटली आहे. एकाच जागी झुकून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा त्यांची तार बॉडीला चिकटली आहे. आणि किल्ली फिरवताच काटा थेट टोकाला आपटला, तर किल्ली त्याच क्षणी बंद करा. तो शॉर्ट आहे.

शॉर्ट म्हणजे विजेला दिवा टाळून मिळालेली आडवाट. सगळा रोध मिळून एक-विसांश ओहम उरला, तर ६ व्होल्टची बॅटरीसुद्धा १२० अँपिअर प्रवाह देऊ लागते. म्हणजे ७२० वॅट, जवळजवळ इस्त्रीइतकी उष्णता, आणि तीही पेट्रोलच्या टाकीखाली! फ्यूज वितळून जातो तो यासाठीच. त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणारे महाभाग पुष्कळ आहेत. त्यांची गाडी त्या दिवशी चालते खरी. मग एखाद्या दिवशी फ्यूजऐवजी तारांचा सगळा जुडगाच जळतो.

शॉर्ट शोधताना फ्यूज काढून त्या जागी हेडलाइटचा एक बल्ब जोडा. ज्या दिव्याचे बटण दाबताच फ्यूज जात होता, त्या दिव्याचा बल्ब काढा आणि बटण दाबा. फ्यूजच्या जागचा बल्ब लख्ख पेटला, तर शॉर्ट अजून आहे. बल्ब असल्यामुळे प्रवाहाला लगाम बसतो, काही जळत नाही. आता हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. हँडलाच्या मानेशी तारा रोज वाकतात आणि घासतात, म्हणून निम्मे शॉर्ट तेथेच सापडतात. बल्ब लुकलुकला की तुम्ही जागेवर पोचलात.

हे सारे मोठ्या माणसाला बरोबर घेऊन करायचे. बॅटरी सोडवताना सांगाड्याला जोडलेली तार आधी काढा. नंतर दुसरीवर पाना फिरवताना तो सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला असते, म्हणून चिन्हावर न जाता तार कोठे जाते ते पाहा. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी ओढू नका. प्लगच्या जाड तारेत हजारो व्होल्ट असतात, तिला इंजिन चालू असताना हात नको.

आता एक कोडे. दिव्यांचे बटण बंद आहे. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागत नाही, पण पुढे स्पीडोमीटरचा इवलासा दिवा मात्र लागतो! भुताटकी? नव्हे, मागच्या दिव्याचा अर्थ तुटला आहे. ब्रेकच्या दिव्यातून आलेल्या प्रवाहाला परतीची वाट नाही, म्हणून तो त्याच बल्बातील टेल-लाइटच्या तारेत उलटा शिरतो आणि तिच्याशी जोडलेल्या स्पीडोमीटरच्या दिव्यातून सांगाड्यात उतरतो. तिन्ही दिवे एकापुढे एक जोडले गेले. ब्रेकचा दिवा १८ वॅटचा, टेल-लाइट ५ वॅटचा आणि स्पीडोमीटरचा २ वॅटचा आहे, बॅटरी ६ व्होल्टची. स्पीडोमीटरच्या दिव्याला किती व्होल्ट मिळतील? (उत्तर: सुमारे ४ व्होल्ट.)